उशिराची फुलं

एप्रिल म्हणजे इथे पानगळ.
पहाटे साडेपाचला ग्लेनमोराची माणसं दगडापाशी जमतात,
पॉप्लरची पिवळी पानं बुटांना चिकटून येतात.
कुणी बोलत नाही. पलीकडच्या कुरणात
मेंढ्या तेवढ्या बोलतात,
त्यांना सुट्टी माहीत नाही.

दगडावर एकेचाळीस नावं.
गावात राहती माणसं सदतीस,
पार्लेनबाईचं बाळ धरलं तर अडतीस.
नावं वाचायला हेक्टर उभा राहतो,
जन्मभर लोकर कातरून कमरेत वाकलेला.
मक्लिंटॉक.
मक्लिंटॉक.
मक्लिंटॉक.
पाठीवर पाठ आलेले तिघे
तो एका दमात म्हणत नाही.
आधीचा दारातून आत आल्याशिवाय
पुढच्याला हाक मारायची नाही, असं काहीतरी.

शाळेत मुलांना सुट्टीची गोष्ट सांगतात:
पंधरा साली, अशाच अंधारात,
होड्या गॅलिपोलीच्या किनाऱ्याला लागल्या.
वर कडा होता, कड्यावर बंदुका.
(मुलं विचारतात, वरची माणसं कोण होती?
बाई म्हणतात, तिथं राहणारी.)
वर्षाने पहिली प्रार्थना झाली, युद्ध चालूच होतं,
प्रार्थनेला उभी असलेली काही पोरं
पुढच्या बोटीने गेली.
मग कायदा आला, सुट्टी आली,
दुपारी एकपर्यंत दुकानांना कुलूप.

फुलांची गोष्ट मात्र आयल्सा रेनीकडून ऐकावी.
फुलं मागवली होती नोव्हेंबरसाठी,
युद्ध थांबलं त्या दिवसासाठी.
फ्रान्सच्या पडक्या गावांतल्या बायकांनी, पोरांनी
कापडाची लाल पॉपी केली, पेट्या भरल्या.
जहाज रेंगाळलं.
पोचलं तेव्हा तो दिवस उलटून गेला होता.
एवढी फुलं टाकायची कुठं?
ठेवली एप्रिलपर्यंत.
तेव्हापासून सगळा देश
उशिरा आलेलं फूल छातीला लावतो
आणि कुणालाच उशीर वाटत नाही.

हे सांगताना ती हसते.
सत्त्याऐंशीची आहे. दात स्वतःचे.

मेरेआना बिगुल वाजवते, तेरा वर्षांची,
थंडीने ओठ फुटलेले.
उंच सुराला बिगुल चिरकतो.
गेल्या वर्षीही तिथेच चिरकला होता.
कुणी मान वर करत नाही.

मग हॉलमध्ये चहा, त्यात रमची धार,
ओटची बिस्किटं, कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी.
आयल्सा मागे राहते.

अ‍ॅलिक, तिच्या वडिलांचा थोरला भाऊ,
गॅलिपोलीहून परत आला होता.
दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी.
लोक म्हणाले, काळ आला होता, वेळ आली नव्हती.
वेळ मागाहून आली, पायी पायी,
नऊ वर्षांनी,
लोकरीच्या शेडमध्ये, आढ्याला.

दगड तेवीस साली उभा राहिला. तो चोवीसमध्ये गेला.
कमिटीने नम्रपणे कळवलं, यादी बंद झाली आहे.
ते पत्र तिच्याकडे आहे.
शाई तपकिरी, अक्षर फार सुंदर.

नाव कोरा म्हणून तिने कधी अर्ज केला नाही.
सगळे गेल्यावर ती दगडाच्या मागे जाते,
जिथं काहीच लिहिलेलं नाही,
फटीतलं गेल्या वर्षीचं फूल काढते,
उन्हाने गुलाबी पडलेलं,
आणि नवं खोचते.

यंदा तिला वाकता येईना.
मेरेआना राहिलेला हातमोजा शोधायला परत आली होती,
बिगुल काखेत.
“इथं कोण?”
“आहे एक. जरा उशीर झाला त्याला.”
मुलीने फूल घेतलं, खोचलं.
बिगुल ओठांपर्यंत नेला, पुन्हा खाली घेतला.
“चिरकेल,” म्हणाली.
“चिरकू दे.”

हॉलमध्ये चहा ओतता ओतता
हेक्टरने किटली खाली ठेवली.