बक्कल नंबर चारशे सतरा

शाहूपुरीत एका वखारीत, गुळाच्या रव्यांमागे
पत्र्याचे नऊ डबे सापडले.
मुंग्या लागलेल्या, आंबूस वास.
वखारवाल्या शहांना वाटलं जुनं वंगण असेल,
एक डबा त्यांनी भंगारात घातलासुद्धा.
म्हणून सिनेमात आजही एक लग्न होत नाही,
बाई एकदम विधवाच दिसते.

बाकी आठ डबे धुऊन आणलेत.
दोन वर्षं, म्हणे, फ्रेम न् फ्रेम
ओरखडे बुजवले, बुरशी पुसली,
अंधार तेवढा जपून ठेवला.
परवा शाहू स्मारकात दाखवला.
मी तिसऱ्या रांगेत, गुडघ्याच्या पट्ट्यासकट.

काय काळा रंग आहे!
आम्ही तंबूत पाहिला तेव्हा सगळा एकच काळा होता,
तव्याच्या बुडासारखा.
आता त्यात थर दिसतात :
भिजल्या घोंगड्याचा, बुटाच्या पॉलिशचा,
आणि रात्री तीनला रंकाळ्याचं पाणी असतं, तो.
फौजदार जिना चढतो आणि कठड्याची सावली
त्याच्या अंगावर एकेक गज मोजते.
अजून त्यानं काही खाल्लेलं नाही.
पण सावलीला माहीत आहे.

मंगळवार पेठेतली बोळ मी ओळखली.
पाऊस खोटा, बंबानं पाणी मारलेलं.
आई सांगायची, त्या रात्री अख्ख्या गल्लीनं
घागरी भरून घेतल्या.

आणि आबा सांगायचे, ‘मी हाय त्या शिनेमात.’
शिपाई केरबा मांगुरे, बक्कल नंबर चारशे सतरा.
कंपनीला खरा पोलीस पाहिजे होता, खऱ्या इस्त्रीतला,
भजी, चहा आणि दोन रुपयांवर.
आम्ही चौघं भावंडं डोळे ताणून बघायचो,
दिसायचा फक्त दाराजवळचा अंधार.
‘त्यो अंधार म्हंजे मीच की!’
आम्ही हसायचो. तेही.

परवा तो अंधार उघडला.

टेबलाखालून पाकीट सरकतं.
कॅमेरा चेहऱ्याकडे जातच नाही, हातापाशी थांबतो.
फौजदाराची अंगठी कागदाला घासते
आणि तेवढाच आवाज, काडी ओढल्यासारखा.
मागे दाराशी पितळ चमकतं. चार. एक. सात.
त्याच्या वर आबा.
सत्तावीस वर्षांचे, माझ्या धाकट्यापेक्षा लहान.
मान भिंतीकडे. भिंतीवर काही नाही,
कॅलेंडरसुद्धा नाही.
आणि ती मान वळते
पाकीट हलायच्या अर्धा क्षण आधी.

दिग्दर्शकानं सांगितलं असेल, तिकडं बघा.
सांगितलंच असेल.
पण आधी?

ती मान मला पाठ आहे.
आबांना नाक्यावर ड्यूटी असायची तेव्हा
दर महिन्याला एक पोतं
साहेबांच्या बंगल्यावर जायचं, आबांच्या सायकलवरून.
मी चौथीत होते. विचारलं, काय आहे त्यात?
आबा भिंतीकडे बघत म्हणाले, ‘वजन.’

घरी एक पै आणली नाही त्यांनी.
आई अंबाबाईची शपथ घेऊन सांगायची,
आणि माझ्या परकराची ठिगळं साक्षीला होती.
सायकल मात्र
कधीच रिकामी परत फिरली नाही गेटावरून,
असं काहीतरी मला आत्ता आठवतंय, आणि नक्की आठवत नाहीये.
साखरेची पुडी असेल. पोरांना, म्हणून.

दिवे लागले. टाळ्या बराच वेळ चालल्या,
मीही वाजवल्या, मनापासून, कारण काम तसंच होतं.
मग ज्यानं ते डबे धुतले तो पोरगा उठला,
चष्मा पुसत म्हणाला,
‘सबंध चित्रपटात सगळ्यात अस्सल अभिनय
दारातल्या त्या पोलिसाचा आहे.
कोण होता, कुठंच नोंद नाही.
इथं कुणाला माहीत असेल तर…’

माझा हात वर गेलेला होता.
माईकची वायर खुर्चीच्या पायात अडकली,
कुणीतरी वाकून ती सोडवायला लागलं.
तेवढ्या वेळात मला ठरवायचं होतं
नाव सांगायचं, की नंबर.