हातचा

फेब्रुवारी. वाचनालयाच्या तळघरात हीटर खोकतो
आणि मी लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देते.
चौतीस वर्षं शाळेच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या,
निवृत्तीतही बोटांची सवय जात नाही, म्हणून.
बाहेर एरीचं तळं गोठलंय,
कोऱ्या कागदासारखं, पार क्षितिजापर्यंत.

व्हर्लीन येते ती थेट कामावरून,
अंगाला तळलेल्या कांद्याचा वास, बुटांत बर्फ.
बिस्किटांच्या डब्यातून एकेक कागद काढते:
पगाराचा दाखला, मुलीच्या जन्माचा दाखला,
आणि, का कोण जाणे, दाताच्या डॉक्टरचं बिल.

"दर वाढला ना," ती सांगते,
"दहाचा अकरा. आम्ही केकसुद्धा कापला.
पुढच्या सोमवारी भिंतीवर नवं वेळापत्रक,
अडतीस तासांचे चौतीस."
मी पेन्सिलीने मांडून बघते.
आठवड्याचे तीनशे ऐंशी होते,
तीनशे चौऱ्याहत्तर झाले.
"कोस्टाला शिव्या देऊ नकोस हं," तीच मला बजावते,
"हल्ली रात्री फरशी तो स्वतःच पुसतो."

खरंय. ओढाताण साऱ्या गावाची,
मग बिल एकट्या कोस्टाच्या टेबलावर का?

मी सत्तावीस नंबरच्या ओळीपाशी येते.
या ओळीसाठी कोणी मोर्चा काढलेला मला आठवत नाही,
हिच्या नावाने केक कापत नाहीत.
राबणाऱ्याचं काही इथून परत येतं,
त्यात तळ्याकाठच्या बंगल्यांचा पैसा,
कोस्टाचा, आणि चिमूटभर माझाही.

बेचाळीसशे तेरा.
व्हर्लीन आकडा वाचते.
मग त्यावर बोट ठेवून पुन्हा वाचते.
"गाडीचा गिअरबॉक्स," ती म्हणते. थांबते.
"आणि हा दात."

तिच्यामागे लेमुएल. त्याच स्वयंपाकघरात भांडी घासतो.
मूल? नाही. बायको? "होती."
एकशे अठ्ठ्याण्णव.
तो मोठ्याने हसतो, पलीकडे वाचणारी मुलं वळून बघतात.
"पाणी तर दोघांच्या हातांना तेच लागतं, बाई.
मला आपला तो एक डॉलरच बरा."
मी फॉर्मकडे बघते.
फॉर्मला चौकोन असतात, कान नसतात.

लहानपणी बेरजेत मी नेहमी एकच चूक करायचे.
हातचा हातातच राहायचा.
बाई म्हणायच्या, अगं, तो तुझा नाही,
पुढच्या घरात दे.

लेमुएलचा कागद मी वरून खाली पुन्हा तपासते,
मग खालून वर.
बेरीज बरोबर आहे.
तो टोपी कानांवर ओढून जिना चढतो,
कठड्याला धरून, एकेक पायरी.

मी पेन्सिलीला टोक काढते.
एकोणीस नंबर कोण आहे?