खण

मी मोनप्पा पांचाळ, मागाचा सुतार.
साखर पेठेत चाळीस वर्षं
धोटे तासले, पावड्या जोडल्या.
हातमाग बसले, गिऱ्हाईक उठलं,
शेवटी मी मागच मोडून विकायचो
जळणाला, मणाच्या भावानं.

मग ही आली, इप्पाकायलांची रेवती,
जिच्या आजीचा माग मीच बसवलेला.
"काका, तीन मजली घर बांधायचंय, लाकडाचं.
विडीवाल्या बायांसाठी. खाली पाळणाघर."
ऊन लागलं की काय पोरीला, असंच वाटलं.

तिनं फळ्या मांडल्या. बांधावरचा निलगिरी, पातळ चिरलेला.
एक उभी, तिच्यावर एक आडवी,
पुन्हा उभी, मध्ये सरस, वरून दाब.
मी बोट फिरवलं.
अगं, हा तर ताणा-बाणा.
"मग तासभर दुसरं काय सांगतेय?"

पालिकेतला साहेब म्हणाला, आग?
तिनं त्याच्यासमोर तुकडा पेटवला, तासभर.
वरची दोन बोटं कोळसा झाली. मी वाकसानं खरवडली.
आत लाकूड पिवळं, कोमट,
वास तेवढा बदललेला.
साहेब म्हणाला, बरं, आणि वाळवी?
त्या एका शब्दावर फाईल तीन महिने झोपली.

भूकंपाचं कुणी विचारलंच नाही.
त्र्याण्णव साली, पहाटे, मामाच्या गावात
दगडी भिंती बाहेरच्या बाहेर पडल्या.
खांबांवरचे तीन खण तेवढे उभे,
आणि त्यांच्याखाली मामी, पदरात पोर,
तोंडात माती, पण बोलत होती.

खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा.
खण म्हणजे चोळीचं कापड.
जन्मभर दोन्ही शब्द वापरले,
एकमेकांना कधी भेटवले नाहीत.

आता मे. शेजारच्या स्लॅबवर
रात्री एक वाजताही बाया पाणी मारतात,
सिमेंट दिवसभराचं ऊन परत देत बसतं.
आमच्याकडे बालामणी खांबाला पाठ टेकून
विड्या वळते, सूप मांडीवर.
म्हणते, "मामा, पाठीला चटका नाही की बे!"
मला 'बे' म्हणणारी पेठेत ही एकटीच.

दुसऱ्या मजल्यावर एक फळी कुरकुरते.
कुठली, ते मला ठाऊक आहे.
पावसाळ्यात फुगेल, बसेल, म्हणून हात लावलेला नाही.

परवा मोहोळकडे त्या बांधावर गेलो होतो.
तोडलेल्या बुंध्यांना फुटवा आलाय,
काही कमरेएवढा. एक शेळीनं खाल्लेला.
खिशातून टेप काढला, उगाच,
आणि मापही घेतलं.