एकट्याचा दर

चार हजार नऊशे नव्व्याण्णव.
मिरजेत, स्टेशन रोडच्या दुकानात
फिरोजनं डबी काउंटरवर ठेवली, पण हात काढला नाही.
"यात दुसरा प्लेअर नाही हं, दादा.
नंतर परत घेणार नाही मी."
रात्रपाळीचा माणूस मी, पॅथॉलॉजीतला.
सकाळी आठला सुटतो, लोकांच्या रक्ताचे आकडे लिहून.
मी खेळायला बसतो तेव्हा सगळे कामावर असतात.
म्हटलं, दे.

घरी मेहुणा आलेला, कुपवाडच्या एमआयडीसीतला, हिशेबाला पक्का.
"किती तासांचा?"
"वीसेक."
"आणि मग?"
"मग संपतो."
"म्हणजे तासाला अडीचशे. एकट्याला.
एवढ्यात सगळं घर सागरेश्वरला जाऊन आलं असतं, वर जेवण."
खरं होतं. मी चहा गाळत राहिलो.

त्याला सांगितलं नाही
की चार वर्षांपूर्वी घेतला होता एक, शंभर जणांनी खेळायचा.
मी, विट्याचा समाधान, आष्ट्याचा सन्मती, दुबईला गेलेला अल्ताफ.
एकमेकांना शिव्या घालत काढली दोन वर्षं.
मग कुणाचं लग्न, कुणाची बदली,
आणि एका मंगळवारी कंपनीनं सर्व्हरच बंद केला.
डबी आहे अजून. तीही पूर्ण किमतीची.
लावली की पडद्यावर येतं: खेळाडू शोधत आहे.
शोधत आहे.
शोधत आहे.

हा नवा वेगळा.
एक बाई, एक बेट, विझलेलं दीपगृह.
बोलायला कुणी नाही. जिना चढताना बाईला धाप लागते,
आणि ती धाप कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत बसून,
पायरी पायरी मोजून घातलीय.
मला गल्लीतला मुबीन आठवला:
तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत,
केसभर इकडं, केसभर तिकडं,
जवारी लागेपर्यंत.
त्याला कुणी विचारत नाही,
वाजवणारा एकटाच, तर भोपळा अर्धा का नाही लावलास.

पण खोटं कशाला बोलू.
एकोणिसाव्या तासाला दिवा लागला.
समुद्रावरून झोत फिरला, पूर्ण एक फेरा,
आणि मी मागं वळून पाहिलं.
मागं कपाट.
सकाळचे साडेअकरा. सन्मतीला फोन लावला.
"मीटिंगमध्ये आहे रे, बोल पटकन."
दिव्याचं काय बोलणार पटकन?
म्हटलं, काही नाही, असाच केला.

कंट्रोलर चार्जिंगला लावला. पडदे ओढले.
पाच हजार जास्तच झाले, मेहुण्याचं बरोबर आहे.
पण त्या दिवशी फिरोज जर म्हणाला असता,
एकटेच आहात ना, निम्मे द्या,
तर मला राग आला असता.