फॉरमॅट मारायच्या आधी

पेनड्राइव्ह कुणाचा होता ते मला पक्कं आठवतंय.
निळा, टोपण हरवलेला,
बारशाच्या आमंत्रणासाठी आलेल्या माणसाचा.
मेहुण्याकडचा नमुना होता त्यात.
नाव अजून ठरायचं होतं, फोनवर भांडण चालू होतं आत्याशी.
मी लावला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात
बारके बाण उगवले.
'लग्न २०१४' उघडलं तर आत 'लग्न २०१४',
त्याच्या आत पुन्हा तेच,
आणि पंखा असा घरघरायला लागला
जसं काही खोक्यात कुणी दळण घातलंय.

मेल्विन कांजूर गावातून स्कूटरवर आला.
हेल्मेट न काढताच दोन-चार कळा दाबून पाहिल्या.
"पुसत बसलो तर पुसतच बसू," म्हणाला,
"मुळासकट काढू. काय काय ठेवायचं ते सांगा."

काय ठेवायचं.

टेंभीपाड्यातली अर्धी लग्नं माझ्याकडे आहेत,
मोडलेलीसुद्धा. एका फाइलचं नावच
'धुमाळ फायनल फायनल रद्द'.
तेराव्याची कार्डं, मंडळाची पावतीपुस्तकं,
'येथे पोळ्या करून मिळतील',
शिवाय एका मुलाचा बायोडेटा.
छंद म्हणून त्याने 'शांत बसणे' टाकायला लावलं होतं,
मी दोनदा विचारलं, तो दोन्ही वेळा हो म्हणाला.

मजकूर तेवढा वाचवला मेल्विनने. प्रोग्राम एकही नाही.
"आणि हा फॉन्ट कुठला?"
मी गप्प.
लॅमिंग्टन रोडला जिन्याखाली घेतलेली सीडी,
वर मार्करने 'मराठी ऑल'. शंभर सांगितले, ऐंशीला दिली.
"मग कीड बहुतेक यातच," तो म्हणाला,
"कधीची झोपली असेल. पेनड्राइव्हवर नका ढकलू."
म्हणजे रात्रभर त्या बारशाच्या माणसाला
मी फुकट शिव्या घातल्या.

बटण त्यानेच दाबलं.
मी चहा गाळत होते, पाठ करून.

टक्के चढत गेले, त्रेचाळीसवर अडले.
गल्लीतून पालिकेचा धूरवाला गेला,
आम्ही शटर अर्धं ओढून घेतलं
आणि अंधारात निळ्या उजेडाकडे पाहत बसलो,
नाकाला रुमाल लावून, दोघंही.

मग उजाडलं तिथे.
कुठल्यातरी देशातला डोंगर, पायथ्याशी एकही माणूस नाही.
विचारतो, तुमची भाषा कोणती?
विचारतो, तुमचं नाव काय?
अकरा वर्षं सकाळी पहिलं तोंड माझं बघणारा.

जुनी पत्रिका उघडली.
फॉन्ट गेल्यावर मराठीचं काय होतं ते पाहिलंय तुम्ही?
डोक्यावर टिंबं घेतलेली परकी अक्षरं,
उलटे स्वल्पविराम, एक पौंडाचं चिन्ह.
मी बोट ठेवलं. "हे श्री गणेशाय नमः."
"वाचता येतं तुम्हाला?"
येत नाही. पण पहिली ओळ दुसरी कुठली असणार?
खाली आकडे तेवढे शाबूत होते,
बारा वाजून पस्तीस मिनिटं,
मुहूर्त राहिला, नवरा-नवरी गेले.

मेल्विनने पैसे मोजले, नवा फॉन्ट टाकून दिला, फुकटातला, सरळमार्गी.
वेलांटी जरा ताठ आहे त्याची.
होईल सवय.

संध्याकाळी तो माणूस आला. नाव ठरलं होतं.
कृत्तिका.
नव्या यंत्रावरचा हा माझा पहिला शब्द.
त्त नीट बसला, फुटला नाही.
पण खाली लगेच लाल नागमोडी रेघ,
असा शब्द मला माहीत नाही, म्हणे.
असू दे. उजवं बटण,
'शब्दकोशात जोडा'.
रेघ गेली.

"फोटो पण टाकायचाय बाळाचा,"
तो खिसा चाचपत म्हणाला
आणि काउंटरवर ठेवला,
निळा, टोपण हरवलेला.