चौतीस अंश

रुफिनोला आता चिमण्या ऐकू येत नाहीत.
हे त्याने सांगितलं नाही कुणाला.
गेल्या मोसमात तिसरा पिस्टन
माथ्याला भोक पडून बाहेर आला, तेव्हा मी ओळखलं.
ठिणगी फार लवकर पडली की इंजिन खडखडतं,
पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसं, बारीक.
नेमका तेवढाच सूर गेलाय त्याच्या कानातून.
बाकी सगळं येतं: सायलोचा पट्टा, दक्षिणेचा वारा,
माझी जांभईसुद्धा.

उद्या रविवार. नेस्तोर झोपलाय बहिणीकडे;
ड्रायव्हरने झोपावं, हा रुफिनोचा नियम.
शेडमध्ये आम्ही दोघं,
कोमट झालेला माते,
आणि सहा सिलिंडरांचं हे जुनं फाल्कनचं धूड.

पुलीवरची खूण माझ्या नेलपॉलिशची आहे, पांढरी.
साडेतीन हजारांवर धर, तो म्हणतो. धरते.
टायमिंग लाइट लखलखतो
आणि फिरती पुली जागच्या जागी उभी राहते,
जत्रेतला पाळणा कुणी नजरेने थांबवावा तशी.
चौतीस, रुफिनो म्हणतो. बरोब्बर चौतीस.

मी गप्प.
दुपारी कब्रस्तानच्या रस्त्यावर
वरच्या गियरमध्ये पूर्ण दाबली होती मी,
दोन्ही बाजूंना कापलेली सूर्यफुलं,
आणि बॉनेटखाली वाटाणे.
वाटाणेच होते. माझे कान अजून तरुण आहेत.

लाइट खोटं बोलत नाही, तो म्हणतो.
नाही बोलत, मी म्हणते. पण खूण?

मग सगळे प्लग काढले.
एक नंबरच्या भोकात आडकाठी बसवली,
पान्याने क्रँक हळू फिरवली, अडेपर्यंत.
रेघ.
उलटी फिरवली, पुन्हा अडेपर्यंत.
रेघ.
माथा असा थेट सापडत नाही.
माथ्यावर पिस्टन थबकतो, क्रँक सरकते नि तो हलत नाही;
डोळ्याने शोधणारा तिथेच फसतो.
दोन अडण्यांच्या मधोमध
मोजून काढावा लागतो तो.
रुफिनोने दोरा धरला, मी पेन्सिल.

मधली रेघ आली
माझ्या पांढऱ्या खुणेपासून नखभर लांब.
पुलीच्या पोटातलं रबर सुटलेलं,
बाहेरचं कडं गुपचूप घसरलेलं.
म्हणजे चौतीस म्हणून आम्ही देत होतो
ते एकोणचाळीस.
केव्हापासून, देव जाणे.

खूण सरकली होती, मी म्हटलं,
जरा मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं.
तिसऱ्या पिस्टनचाही हाच दोष असणार.

त्याने चिंधीला हात पुसले.
एकेक बोट.
खूण सरकली, कबूल, तो म्हणाला,
पण खूण सरकली तर ऐकायला माणूस ठेवतात,
आणि तो माणूस मी होतो.

मी उत्तर दिलं नाही.
बाहेर एक ट्रक गेला, गहू भरून, बाहिया ब्लांकाकडे.

मग नवी खूण केली, या वेळी छिन्नीने.
पुली नवी मिळेल ती मंगळवारी;
उद्यापुरतं हेच कडं, दोन ठिकाणी रेघ ओढून,
पुन्हा घसरलं तर रेघा तुटून सांगतील.
डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला.
रोटर फिरतो त्याच दिशेने, त्याने सांगितलं,
केसभर. अजून केसभर. बास.
फिरवणारे हात माझे होते,
त्याने ते हातात घेतले नाहीत.

घट्ट करून पुन्हा बाहेर काढली गाडी,
रात्रीचे साडेअकरा, कब्रस्तानचा तोच रस्ता,
तो शेजारी, सीट नसलेल्या जागी
रिकाम्या खोक्यावर, पट्ट्याविना.
पूर्ण दाबली.

काय ऐकू येतंय? त्याने विचारलं.
काही नाही, मी म्हटलं.
काही नाही म्हणजे?
काही नाही म्हणजे नुसतं इंजिन.

तो हसला की थंडीने दात वाजले, समजलं नाही.
मलाही तेवढंच ऐकू येतंय, म्हणाला.