माउंट

मुहर्रकच्या बाजारात, मोतीवाल्यांच्या मागे
माझी फ्रेमांची खोली. एसी गळतो, खाली पातेलं.
परवा एक निवृत्त वैमानिक चित्र घेऊन आले.
कुठल्या हवाई दलातले, मी विचारलं नाही.
गुंडाळी अशी सोडली, जणू तान्ह्याचं झबलं काढतायत.

दोन विमानं. पंखांवरचा एकेक रिव्हेट
एका केसाच्या ब्रशने घातलेला.
कॉकपिटच्या काचेत सूर्य, सूर्यापुढे ढग, तोही काचेत.
आणि खाली, डाव्या कोपऱ्यात, जहाज.
तीन फटकारे: काळा, तांबडा, काळा.

"शत्रूचा टँकर," ते म्हणाले. "सत्त्याऐंशी."
मी म्हटलं, माउंट कुठला? पांढरा की मोतिया?

समुद्र फार निळा काढलाय.
त्या पहाटे तो पेजेच्या निवळीसारखा होता.
मला ठाऊक आहे, मी पेजच ढवळत होतो,
एकोणतीस माणसांची. भटारखाना मागच्या अंगाला,
तांबड्याच्या डावीकडे, अगदी कागदाच्या कडेला;
तिथे चित्रकाराने रंग बोटाने पुसलाय.

झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या, तेल तिसऱ्याचं.
शत्रू म्हणावा असा आमच्यात कोण, अजून मोजतो:
दाभोळचा टंडेल इस्माईल पावसकर,
डेकवर विडीला बंदी, म्हणून नुसतीच चावायचा;
जयगडचा तेलवाला पोरगा भार्गव डोर्लेकर,
लग्नाला सतरा दिवस,
बंकाच्या पत्र्यावर खिळ्याने फुल्या.

विमान आम्ही पाहिलंच नाही.
आधी ताटं हलली. मग आवाज.

यातलं काही बोललो नाही. गिऱ्हाईक आहे, वय झालंय,
पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतात.
"छान काढलंय," म्हटलं. विमानं खरंच छान आहेत.

रात्री कापायला बसलो.
माउंट चारी बाजूंनी पाव इंच खातो, धंद्याचा नियम.
डावीकडचा पाव इंच म्हणजे
भटारखाना, पेज, सगळंच.
पट्टी सरकवली.
वरचं थोडं आभाळ झाकलं गेलं,
उजव्या विमानाच्या शेपटीचं टोक,
चार-पाच रिव्हेट.

आज ते न्यायला आले. चष्मा काढला, घातला,
शेपटीपाशी बोट थबकलं.
मग ते बोट खाली उतरत गेलं, कोपऱ्यात,
काचेवरून दोनदा घासलं.
"हा डाग पडलाय का?"

नाही, म्हटलं. मूळचाच आहे.

सहा दिनार. मोजून घेतले.
बबलरॅपचे दोन वेढे जास्त दिले.